ग्रीक कांस्य नाणी जमवायची आहेत? आधी एक गाव निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपासून तुम्ही श्टुटगार्टला नोकरीला आहात, पाचशे युरो बाजूला काढलेत आणि प्राचीन ग्रीक नाणी जमवायला सुरुवात करायची आहे. एवढ्या पैशात चांदीचं एखादं साधारण टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मचं मोठं ग्रीक नाणं) येईल, नाहीतर कांस्याची आठ-दहा नाणी. मित्राचं म्हणणं, कांस्य म्हणजे त्या काळची चिल्लर, त्यात पैसे घालू नकोस. त्यात जुन्या बाजारातून घेतलेल्या एका कांस्य नाण्यावर फिकट हिरवी पूड दिसायला लागली आहे, त्यामुळे आपण फसलो की काय अशी धास्ती तुम्हाला वाटते आहे.

आधी त्या नाण्याचं बघू, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, ते थांबणार नाही. लाकडी दातकोरण्याने ती पूड हलकेच खरवडून पाहा. खालचा हिरवा थर घट्ट आणि गुळगुळीत लागला तर तो पॅटिना, म्हणजे शतकानुशतकं जमिनीत तयार झालेलं नाण्याचं कवच. त्याला हात लावायचा नाही. पण पूड सहज निघाली, खाली छोटा खड्डा दिसला आणि आठवड्याभरात तिथेच पुन्हा पूड आली, तर तो ब्राँझचा रोग. जमिनीतले क्लोराइड क्षार धातूच्या आत मुरलेले असतात. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की ते तांब्याला खाऊ लागतात आणि ही प्रक्रिया आपणहून थांबत नाही. पूड आली म्हणून नाणं खोटं ठरत नाही. खरंही ठरत नाही, कारण नकली नाण्यावर रसायनाने आणलेला हिरवा रंगही भुकटी होऊन निघतो.

आजच ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात असेल तर बाहेर काढा. पीव्हीसीची पाकिटं कालांतराने आम्ल आणि चिकट तेल सोडतात. भिंगाखाली पूड कोरडीच खरवडून काढा, मग नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा आणि पाणी दर एक-दोन दिवसांनी बदलत राहा. यात आठवडे जातात, कधी महिने. नंतर पूर्ण वाळवून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डबीत ठेवा. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक नाणी शांत राहतात. बेंझोट्रायाझोल नावाचं रसायन सुचवणारे भेटतील. ते विषारी आहे आणि प्रयोगशाळेतच वापरायचं असतं, घरात नको.

आता मूळ प्रश्न. मी कोल्हापूरचा, उमेदीची सगळी वर्षं फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात गेली, त्यातली नऊ जर्मनीत. ग्रीक नाण्यांचा नाद तिथेच लागला आणि तोही कांस्याचाच, कारण ओतलेला धातू मला हाताला कळतो. त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, पण कारणं सांगतो. तुम्ही विचारलंय चांदी की कांस्य. मला दिसतं ते असं, की तुम्ही कांस्याकडे चांदीच्या नजरेने बघताय: धातू किती, राजा किती मोठा, चेहरा किती स्वच्छ. त्या मापाने कांस्य हरणारच. त्याला त्याचं स्वतःचं माप लावलं पाहिजे.

मित्राचं म्हणणं खरं आहे, ती चिल्लरच होती. तेच तिचं मोल. अथेन्समध्ये सहा ओबोलचा एक ड्रॅक्म व्हायचा आणि आठ खाल्कोसचा एक ओबोल. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीला कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक ड्रॅक्म होती. चांदीचा ओबोलच मुळात पाऊण ग्रॅमच्या आत, म्हणजे मसुराच्या डाळीएवढा. त्याचा आठवा हिस्सा चांदीत पाडला तर चिमटीतून निसटेल. मूठभर ऑलिव्ह किंवा एखादी मासळी घ्यायची तर हाताला लागेल असं काहीतरी हवं. ते कांस्याने दिलं.

पण त्यासाठी लोकांना एक मोठी गोष्ट मान्य करावी लागली. चांदीचं नाणं वितळवलं तरी त्याची किंमत बऱ्यापैकी राहते, म्हणून अथेन्सचं घुबडाचं चित्र असलेलं चांदीचं नाणं इजिप्तपासून सिरियापर्यंत फिरलं. कांस्याचं नाणं गावाच्या हद्दीबाहेर गेलं की धातूचा तुकडा. गावाने शब्द दिलाय म्हणून त्याची किंमत.

हा शब्द मोडतो तेव्हा काय होतं, तेही नोंदलेलं आहे. पेलोपोनेशियन युद्धाच्या शेवटी, इ.स.पू. ४०६च्या सुमारास, चांदी आटली तेव्हा अथेन्सने तांब्याची नाणी काढली. पुढे ती रद्द झाली. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या एका नाटकात एक माणूस तक्रार करतो, की द्राक्षं विकून गालात तांब्याची नाणी भरून तो बाजारात पिठासाठी गेला (सुटे पैसे तोंडात ठेवायची तेव्हा रीत होती), पिशवी पुढे केली आणि तेवढ्यात दवंडी पिटली गेली: यापुढे कुणी तांबं घ्यायचं नाही, चांदीच चालेल. रातोरात नोटा रद्द झाल्याचं पाहिलेल्या आपल्या पिढीला त्या माणसाची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

उलट बाजूचं उदाहरण टिमोथिऑस या अथेन्सच्या सेनापतीचं. इ.स.पू. ३६०च्या दशकात ऑलिंथसच्या मोहिमेवर सैनिकांना द्यायला त्याच्याकडे चांदी नव्हती. त्याने कांस्याची नाणी पाडली. व्यापाऱ्यांना सांगितलं, की या नाण्यांत आसपासचा शेतमाल आणि लुटीचा माल विकत घ्या आणि जी उरतील ती माझ्याकडे आणा, मी चांदी देईन. व्यवहार चालला. आणि सेस्टोस या गावाने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मेनास नावाच्या नागरिकाच्या सन्मानार्थ एक ठराव दगडावर कोरला. त्यात गाव स्वतःची कांस्य नाणी का काढतंय याची दोन कारणं स्पष्ट दिली आहेत: गावाची मुद्रा चलनात राहावी आणि त्यातून होणारा नफा लोकांच्या तिजोरीत यावा. स्वाभिमान आणि उत्पन्न, दोन्ही एका वाक्यात. कुठलंही झिजलेलं कांस्य नाणं हातात घेतलं की मला तो ठराव आठवतो. झीज म्हणजे दोष समजू नका. तो शब्द पाळला गेला, लोकांनी ते नाणं वर्षानुवर्षं एकमेकांकडून घेतलं, याचा तो पुरावा आहे.

म्हणून माझा सल्ला, राजे जमवू नका, गाव जमवा. एक नगर घ्या आणि त्याच्या दोन-अडीचशे वर्षांची नाणी हळूहळू लावत जा. कुठलं नगर हे तुमच्या ओढीवर आणि बाजारात काय मिळतं यावर अवलंबून. छोट्या नाण्यांची आवड असेल तर आशिया मायनरचं किमे, ज्याच्या नाण्यांवर घोडा आणि एका कानाचा पेला असतो. समुद्रापलीकडची गोडी असेल तर काळ्या समुद्रावरचं पांतिकापायॉन किंवा ओल्बिया. मी स्वतः सिसिलीतलं सिराक्यूज घेतलं, आणि नवख्याला तेच सुचवतो, कारण तिथली कांस्य नाणी भरपूर आहेत आणि इतिहास ओळीने समोर उभा राहतो.

सुरुवात होते जाडजूड, तीस ग्रॅमच्या आसपासच्या नाण्याने: एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला तारामासा आणि त्याच्या दोन्हीकडे डॉल्फिन. सिराक्यूजचा हुकूमशहा पहिला डायोनिसिऑस याच्या राजवटीशी (इ.स.पू. ४०५–३६७) हे नाणं परंपरेने जोडलं जातं, अभ्यासकांत त्याच्या काळावरून वाद आहेत. तळहातावर ठेवलं की वजन जाणवतं. मग इ.स.पू. ३४४मध्ये कोरिंथहून टिमोलिऑन येतो, हुकूमशाही मोडतो, आणि नाण्यावर ‘झ्यूस एलेउथेरिऑस’, म्हणजे मुक्तिदाता झ्यूस, आणि मोकळा उधळलेला घोडा येतो. या काळात केंटोरिपायसारख्या आसपासच्या गावांनी जुनी अथेना-डॉल्फिनची जड नाणी घेऊन त्यांच्यावरच आपले ठसे ठोकले. अशा नाण्यावर तिरपा उजेड पाडला की नव्या चित्राखालून जुन्या तारामाशाच्या भुजा डोकावतात. हुकूमशहाचं नाणं मोडून त्याच चकतीवर गावाने आपलं नाव उमटवलेलं डोळ्यांनी बघणं, यासारखा आनंद मला चांदीच्या एकाही नाण्याने दिलेला नाही.

पुढे सिराक्यूजचा सत्ताधीश अगाथोक्लिस. आधी त्याच्या काळातही नाण्यावर गावाचंच नाव असे: ‘सिराकोसिऑन’. हे षष्ठीचं अनेकवचन आहे, आपल्या भाषेत अगदी चपखल सांगता येतं: सिराक्यूजकरांचं. इ.स.पू. ३०४च्या सुमारास त्याने राजा ही पदवी घेतली आणि कांस्यावर शब्द बदलले: ‘अगाथोक्लेऑस बासिलेऑस’, राजा अगाथोक्लिसचं. पुढच्या बाजूला तारणहार आर्टेमिस, मागे वज्र. तो गेला, हिकेतास आला, आणि नाणं पुन्हा सिराक्यूजकरांचं झालं. फक्त शेवटचे शब्द वाचत गेलात तरी सत्ता कुणाकडे गेली ते कळतं. इ.स.पू. २७८ ते २७६ एपिरसचा राजा पिऱ्हस सिसिलीत होता, त्याच्या काळातली हेराक्लिस आणि लढती अथेना असलेली नाणीही सहज मिळतात.

आणि मग दुसरा हिएरोन, साधारण इ.स.पू. २७० ते २१५. मुकुटातल्या सोन्यात भेसळ आहे का, हे शोधायला ज्याने आर्किमिडीजला सांगितलं अशी गोष्ट आपण शाळेत वाचली, तोच हा राजा. त्याचं सगळ्यात जास्त सापडणारं कांस्य नाणं म्हणजे एका बाजूला ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, दुसऱ्या बाजूला नक्षीदार त्रिशूळ, शेजारी डॉल्फिन, खाली ‘हिएरोनोस’. जर्मनीत मी पाहिलेल्या बाजारात चांगल्या स्थितीतलं असं नाणं पन्नास युरोच्या आसपास मिळायचं. लहानपणी कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती मी कितीदा पाहिली होती. तो देव कुठला, कोण, काही माहीत नव्हतं. पहिल्यांदा हिएरोनचं नाणं हातात आलं तेव्हा तो दाढीवाला चेहरा ओळखीचा वाटला आणि मी ते लगेच घेतलं. आर्किमिडीजने बाजारात काही विकत घेतलं असेल तर बहुधा अशाच नाण्यांत. इ.स.पू. २१२मध्ये मार्सेलसच्या रोमन सैन्याने नगर जिंकलं, आर्किमिडीज मारला गेला, आणि स्वतंत्र सिराक्यूजची नाणी तिथे संपली.

ही मालिका तुमच्या पाचशे युरोंत पूर्ण होणार नाही, पण अर्धी होईल. एका टेट्राड्रॅक्ममध्ये हे मिळणार नाही. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर मात्र माझं म्हणणं बाजूला ठेवा. विकायला गेल्यावर कांस्य चांदीएवढं सहज खपत नाही.

खऱ्या-खोट्याबद्दल. स्वस्त कांस्य नाण्यांत नकली आहेत, पण माझ्या अनुभवात नवख्याचं जास्त नुकसान दुसऱ्याच गोष्टीने होतं: खऱ्या नाण्यावर केलेली कारागिरी. खराब झालेल्या पृष्ठभागावर बारीक छिन्नीने केस, डोळे, अक्षरं पुन्हा कोरतात, मोकळी जागा घासून सपाट करतात आणि वरून रंग चढवतात. दहापट भिंगातून बघा. नाक झिजलंय, गाल झिजलाय आणि केसांची बट मात्र सुरीसारखी धारदार, असं असेल तर थांबा. झीज उंच भागावर आधी होते, खोलगट भागात शेवटी. हा क्रम उलटा दिसला की कुणाचा तरी हात फिरलाय.

नकली नाणी बरीचशी ओतलेली असतात. आमच्या धंद्यात ओतलेल्या वस्तूवर ब्लोहोल, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, तसेच बारीक गोल खड्डे त्यांच्यावर असतात, कडेला पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ असते किंवा ती घासून काढल्याच्या रेघा असतात. चित्र साबणाची वडी चार दिवस वापरल्यासारखं बोथट असतं. खरं नाणं दोन ठशांमध्ये घणाने ठोकलेलं असतं, त्यामुळे अक्षराच्या पायथ्याशी धातू कडक वळलेला दिसतो आणि कडेला कधी चीर पडते.

पण इथे एक बारकावा आहे आणि तो पुस्तकं वाचूनही लोकांच्या लक्षात येत नाही. ठोकण्याआधीची चकती मात्र ग्रीक टांकसाळीतही ओतलेलीच असायची, बऱ्याचदा एका ओळीत जोडलेल्या साच्यांतून. म्हणून खऱ्या नाण्याच्या कडेला गेट (साच्यात धातू जाण्याची वाट) तोडल्याचा चपटा तुकडा कधी कधी राहिलेला असतो, सिसिलीत तर बऱ्याचदा. तो बघून चांगलं नाणं परत करणारे मला भेटले आहेत. टॉलेमींच्या इजिप्तमधल्या मोठ्या कांस्य नाण्यांच्या दोन्ही बाजूंना मधोमध छोटा खळगा असतो, तोही चकती तयार करतानाचा, दोष नव्हे. वजनावर फार विसंबू नका. चांदीचं वजन टांकसाळ काटेकोर सांभाळायची, कांस्यात किंमत शब्दात होती, म्हणून एकाच प्रकारच्या दोन खऱ्या नाण्यांच्या वजनात बराच फरक असतो. याच कारणाने पुष्कळ नाण्यांची मूळ किंमत आज सांगता येत नाही आणि याद्या त्यांना फक्त मिलिमीटरच्या व्यासाने ओळखतात.

नाणं साफ करू नका, हे मी पुन्हा वेगळं सांगतो. जर्मनीहून परत आलो त्या वर्षी गणपतीच्या आधी आईने देव उजळायला काढले. माझं एक टिमोलिऑनच्या काळातलं नाणं टेबलावर होतं. काळं पडलेलं बघून तिने मायेने तेही चिंच लावून घासलं. तांब्याच्या कळशीसाठी जे योग्य, तेच तिने केलं. दोन हजार वर्षांचं कवच पाच मिनिटांत गेलं, खालून लालसर, खड्ड्याखड्ड्यांचा धातू उघडा पडला आणि त्यावरचा घोडा आता ओळखू येत नाही. ते नाणं मी अजून ठेवलंय. चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, तारेचा ब्रश, यांतलं काहीही नाही. माती फारच असेल तर डिस्टिल्ड पाणी आणि धीर. त्याच पावसाळ्यात सागवानी कपाटात ठेवलेल्या तीन नाण्यांना रोगही लागला. आपल्याकडे आषाढ-श्रावणातली हवा कांस्याची शत्रू आहे आणि लाकूड स्वतःही आम्लाची वाफ सोडतं.

यावरून पुढचा मुद्दा. तुम्ही भारतात परतणार आहात की नाही यावर बरंच अवलंबून आहे. १९७२च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरातन वस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. संग्रह इकडे आणलात आणि पुन्हा जर्मनीला गेलात, तर तो सोबत नेण्याचा रस्ता बंद झाला असं समजून चाला. प्रत्येक नाण्याची पावती, विक्रेत्याचं नाव, आधीचा मालक किंवा जुन्या लिलावाची नोंद, सगळं जपून ठेवा. कागद नसलेलं नाणं स्वस्तात मिळत असेल तरी सोडा. तुर्कस्तानात किंवा ग्रीसमध्ये फिरायला गेलात आणि भग्नावशेषांजवळ कुणी खिशातून ‘आत्ताच सापडलं’ म्हणत नाणं काढलं, तर ते नकली तरी असतं किंवा चोरीचं. दुसऱ्या प्रकारात ते विमानतळावर तुमच्या सामानात सापडणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे. आणि जमिनीतून उपटून आणलेल्या नाण्याचं ठिकाण कायमचं हरवतं. कांस्य नाणी गावाजवळच राहत असल्याने नेमकं कुठे सापडलं ही माहिती इतिहासकाराला नाण्यापेक्षाही मोलाची असते.

तुम्ही शेवटी विचारलंत, की या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध आहे का. आहे. अगाथोक्लिस याच नावाच्या इंडो-ग्रीक राजाने इ.स.पू. दुसऱ्या शतकात चौकोनी कांस्य नाणी काढली, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मी अक्षरं. मिनँडरच्या, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या मिलिंदाच्या, कांस्यावर ग्रीकसोबत खरोष्ठी ही जुनी लिपी आहे. अशा दुभाषी नाण्यांच्याच आधारे १८३०च्या दशकात जेम्स प्रिन्सेपने खरोष्ठी उलगडायला घेतली. आणि १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३,०००हून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांच्यावर ग्रीक अक्षरं आहेत आणि त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. सिसिलीत झालं तेच गोदाकाठी. मात्र इंडो-ग्रीक नाण्यांनी सुरुवात करू नका. अफगाणिस्तान-पाकिस्तानातून ती अलीकडे फार मोठ्या संख्येने बाहेर आली आहेत, त्यामुळे स्वच्छ कागद असलेलं नाणं ओळखायला आधी हात बसावा लागतो.

पैशांचं म्हणाल तर चाळीस-पन्नास युरो चांगल्या भिंगाला, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या काट्याला आणि सिलिका जेलला. पहिले दोन महिने काहीच घेऊ नका, रोज अर्धा तास जुन्या लिलावांची छायाचित्रं बघा. मग हिएरोनचं त्रिशूळवालं एक नाणं अशा विक्रेत्याकडून घ्या जो खरेपणाची लेखी हमी देतो आणि परत घेतो. नंतर टिमोलिऑनच्या काळातलं एक. जड अथेना सगळ्यात शेवटी, कारण त्यात झिजलेली आणि कारागिरी केलेली नाणी जास्त येतात. जुन्या, नीट ठेवलेल्या संग्रहातलं एक नाणं आणि जोडीला उगमाचा पत्ता नसलेली पाच, यातलं काय घ्यायचं असा प्रश्न आला तर एकच घ्या.

त्या आजारी नाण्याचे फोटो पाठवाल तेव्हा दोन्ही बाजू आणि कड, तिन्ही पाठवा. दिवसाच्या उजेडात, एका बाजूने तिरपा प्रकाश पडेल असे. वजन आणि व्यास लिहा. नाणं उभ्या अक्षावर फिरवल्यावर मागच्या चित्राचं डोकं घड्याळातल्या कितीच्या आकड्याकडे येतं तेही कळवा. पूड काढण्याआधीचा फोटो घेतला असेल तर तोही हवा, कारण खड्डे चेहऱ्यावर आहेत की मोकळ्या जागेत, यावरून किती घाई करायची ते सांगता येईल.